दुधावरचं निळं कडं

शेजारच्या सुनेचं माहेर सावंतवाडीकडचं. परवा ती माहेरून आली आणि काजूच्या बोंडांनी भरलेली पिशवी माझ्या ओट्यावर ठेवून गेली. पिवळी, तांबडी, प्रवासात थोडी चेचलेली बोंडं. आमच्या कागलात उसाचा वास, गुळाचा वास, झालंच तर म्हशींचा वास. या असल्या आंबूस, गोड, घशाला खवखवणाऱ्या वासाचं इथे कुणाला काही नाही. मी पिशवीचं तोंड उघडलं आणि पुढचं काहीच सुचेना. हातातली भाजी तशीच ठेवली, खुर्ची ओढली आणि बसले. इतकी वर्षं झाली, तरी हा वास मला थेट पेडण्याला नेतो.

पेडण्याला मी गुरांची डॉक्टर होते, तो माझा तिथला पहिलाच काजूचा मोसम. गोव्यात तेव्हा भाषेचं वादळ अजून निवलं नव्हतं. भिंतीभिंतींवर चुन्याने आणि डांबराने घोषणा रंगवलेल्या. एका भिंतीवर मराठी, समोरच्या भिंतीवर कोंकणी, आणि दोन्ही भिंतींच्या मध्ये बसणाऱ्या माणसांच्या तोंडी ना धड ही, ना धड ती. जी येईल ती. म्हापशाची बस कधी यायची, कधी मध्येच कुठे अडवली जायची. गोव्याचं वेगळं राज्य होणार की नाही, यावर बसथांब्यावर रोज निकाल लागायचा. माझं घाटावरचं मराठी ऐकून लोक तोंड फिरवून हसायचे. हसू द्या म्हटलं. त्यांच्या गाईम्हशींना माझं सगळं कळत होतं.

मी राहायचे इंदूमावशींच्या घरी, पडवीला लागून असलेल्या खोलीत. इंदूमावशी म्हणजे काटक, सावळ्या, भराभर बोलणाऱ्या आणि त्याहून भराभर काम करणाऱ्या. त्यांचे यजमान वसंतकाका मोसमभर डोंगरावरच असायचे. बोंडं तुडवायची, रस फेणीच्या भट्टीवर चढवायचा, आणि संध्याकाळी अंगाला तो वास घेऊन घरी यायचं. मुलगी एकच, पुष्पा. कॉलेज अर्धं सोडलेली. डिचोलीकडच्या एका मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा पाळी गावच्या लोखंडाच्या खाणीवर कारकून. पाऊस लागायच्या आत लग्न उरकायचं, असं दोन्ही घरांनी ठरवलेलं.

माझी नोकरी म्हणजे खरं तर बोटांची नोकरी. माणसांच्या डॉक्टरला फोटो काढता येतो, आमच्याकडे बैलाच्या हाडाचा फोटो कोण काढणार? हात ठेवायचा. ऊन लागतंय का बघायचं. दाबलं की खड्डा पडतो का, पाय वाकवला की जनावर अंग चोरतं का, ते बघायचं. वासराची नाळ पिकली की विष रक्तातून थेट सांध्यात उतरतं आणि दोन दिवसांपूर्वी उड्या मारणारं वासरू गुडघे धरून बसतं. असली वासरं मी त्या मोसमात कितीतरी पाहिली. नाळेला गोवरीची राख लावायची, हा तिथला परिपाठ. मी ओरडायचे, मालक मान डोलवायचे, आणि माझी पाठ वळली की परत राख.

पाळीला एका बैलाचा जबडा सुजला होता, म्हणून मला बोलावणं आलं. खाणीचे ट्रक जाऊन जाऊन सगळं गाव तांबडं. केळीची पानं तांबडी, बैल तांबडा, मालकाच्या पापण्यासुद्धा तांबड्या. सूज दगडासारखी घट्ट, आणि तिला बारीक बारीक तोंडं फुटलेली. मी सळई आत घातली. निरोगी हाडाला सळई लागली की बोटाला एक प्रकारचं उत्तर येतं. तिथे सळई नुसती आतच जात राहिली. हाडाचं पोळं झालं होतं, मधमाश्यांचं असतं तसं. वरून जबडा धड दिसतोय, बैल रवंथ करायला बघतोय, आणि आत हाड उरलेलंच नाही. मी सळई झटकन बाहेर काढली. मालकाला वाटलं, बाई घाबरली. घाबरलेच होते मी. रोग हाडात शिरला की वरून काही कळत नाही, हे पुस्तकात वाचणं निराळं आणि बोटाला कळणं निराळं.

घरी मात्र सकाळ फार छान व्हायची. पदेराची सायकल पोंपों करत यायची, मावशी पाव घ्यायच्या, मग गोठ्यात जाऊन मोगरीची धार काढायच्या. मोगरी त्यांची लाडकी गाय, पांढरीशुभ्र, कपाळावर तेवढा बदामी ठिपका. पहिली धार देवाला. दुसरी थेट एका काचेच्या कोपात, म्हणजे पेल्यात, वर फेस येईस्तोवर. तो कोप तसाच, चुलीवर न चढता, पुष्पाच्या उशाशी. आम्हा बाकीच्यांना चहा. मावशी स्वतः तर कोराच चहा प्यायच्या, दूध म्हणजे लेकीचं.

“घे गो बाय, गरम आसा तवसर पी,” असं त्या म्हणायच्या.

मला त्यात काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. मी तर धारोष्ण दुधाच्या मुलखातली. कोल्हापुरात म्हैस कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकाच्या पेल्यात धार काढतात, आणि माझा भाऊ तालमीतून आला की तांब्याभर दूध तसंच घशाखाली घालायचा. मला एकटीलाच त्या कोमट दुधाचा वास सोसायचा नाही. त्यावरून लहानपणी मी भरपूर बोलणी खाल्लीत.

पुष्पाचं दुखणं लग्न ठरल्यानंतर सुरू झालं. आधी नुसती कणकण. मग दुपार कलली की ताप, पहाटे घाम, चादर पिळून काढावी इतका. एकदा गुडघा दुखायचा, एकदा खांदा, शेवटी सगळं दुखणं कमरेत जाऊन बसलं. उठून बसायचं म्हटलं तरी ती खाटेची कड धरायची. आणि गंमत अशी की सकाळी ताप नसायचा. सकाळी येणारी प्रत्येक बाई तिच्या कपाळाला हात लावून म्हणायची, ‘कुठाय ताप?’ त्यात हिने मुलगा बघायला आला तेव्हाच ‘मला पुढे शिकायचंय’ म्हणून पाय आपटले होते. मग काय, गावाने निदान करून टाकलं. लग्न नको म्हणून सोंग.

परक्यांनी म्हणावं, त्याचं मला काही वाटलं नसतं. पण एका सकाळी माझ्या देखत मावशींनीच तिच्या अंगावरची चादर ओढली. “उठ! सोंगां पुरे झाली. तुझ्या सासरच्यांक मी काय सांगू?” असं त्या ओरडल्या. पुष्पा उठायला गेली, अर्ध्यात थांबली आणि भिंतीकडे तोंड करून परत आडवी झाली. रडलीसुद्धा नाही. मी दारात चहाचा कप घेऊन उभी होते. आणि थोड्याच वेळात त्याच मावशी त्याच खाटेशी दुधाचा कोप घेऊन आल्या, आज जरा जास्तच भरलेला. पोरगी सुकत चाललीय, तिने अंग धरायला हवं, म्हणून जास्त दूध. आईचं मन असंच असतं, शिव्याही तिच्याच आणि सायही तिचीच.

म्हापशातल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं तर त्यांना मणक्याच्या क्षयाची शंका आली. म्हणाले, अजून तपासण्या करू, पण वेळ पडली तर प्लास्टरमध्ये निजवावं लागेल. ही बातमी डिचोलीला पोचली तर लग्न मोडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. घरात सगळेच हळू बोलायला लागले.

अशात एका सकाळी काकांनी मला गोठ्यात नेलं. मोगरीच्या पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर नारळाएवढाली टेंगळं.

“फातरार बसान बसान सुजले,” काका गोठ्यातल्या दगडी फरशीकडे बोट दाखवत म्हणाले. “डॉक्टरबाय, फोडून टाका. आत पू आसतलो.”

मी खाली बसले. हात ठेवला. ऊन नाही. दाबलं, मोगरी ढिम्म. पाय वाकवला, सांधा लोण्यासारखा वाकला. म्हणजे सांधा धड आहे, त्याच्या पुढे पिशवी धरलीय. केस कापून, स्पिरिट लावून मी सुई घातली. पू आला नाही. नितळ, भाताच्या पेंढ्याच्या रंगाचं पाणी आलं. काका खूश झाले, मी नाही. गुडघ्यावर अशी थंड पिशवी धरणाऱ्या गाईबद्दल कॉलेजात आमच्या सरांनी एकच प्रश्न विचारायला शिकवलं होतं. मी तो विचारला.

“मावशी, हिनं कधी गाभ टाकला होता का?”

“टाकलो मगे. गेल्या खेपेक, भरत इल्लो गाभ,” मावशी दारातून म्हणाल्या. “दिश्ट लागली म्हणान नारळ ओवाळलो. मगे दूध मात्र देवाच्या दयेन चांगला दिता.”

मी सुई तशीच हातात धरून उभी राहिले. गाईंचा गाभ पाडणारा एक रोग आहे. तो गुडघ्यात पाणी धरतो, आणि कासेतून दुधात उतरतो. ते दूध कच्चं पोटात गेलं की माणसाला काय होतं, याचा आमच्या पुस्तकात जेमतेम एक परिच्छेद होता. परीक्षेत येत नाही म्हणून सगळे गाळायचे. मला तो आठवला, पाठ केल्यासारखा. दुपारचा ताप. पहाटेचा घाम. फिरती सांधेदुखी. आणि मग मणका. गोठ्याला लागूनच पुष्पाच्या खोलीचं जनेल होतं, म्हणजे खिडकी. आतून खाट करकरली, ती कूस बदलत असणार. मी मोगरीच्या पाठीवर हात टेकला.

फोडायचं नाही, आणि पुष्पाला कच्चं दूध द्यायचं नाही, एवढं सांगून मी पणजीची बस धरली. गुरांच्या प्रयोगशाळेत त्या रोगाच्या तपासणीचं निळं औषध मिळायचं. ते थंड ठेवावं लागतं. थर्मास होता, बर्फ नव्हता. परतताना म्हापशाला एका मासळीवालीने टोपलीतला बर्फ फोडून दिला. “कसला वखद गो बाय? कोणाक?” औषधाचं नाव काढताच तिने विचारलं. गाईला, म्हटल्यावर तिने आणखी एक खडा टाकला. त्या थर्मासला पुढे कितीतरी दिवस बांगड्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीतल्या मेजावर मी दोन काचेच्या नळ्या मांडल्या. एकीत मोगरीचं दूध, दुसरीत शेजारच्या गोठ्यातल्या गाईचं. दोन्हींत निळ्या औषधाचे थेंब सोडले, नळ्या हलवल्या. दोन्ही दुधं सारखीच फिकट निळसर झाली. आता साय वर यायची वाट बघायची, बाकी काही नाही. काका डोंगरावर जायचे थांबले. मावशी खांबाला टेकून बसल्या. त्यांनी सवयीने पुष्पाचा कोपही भरून आणला होता आणि माझ्याकडे रागाने बघत तो जनेलावर ठेवला होता.

“दुधान कोणाक काय जाता?” त्या म्हणाल्या. “आमच्या घरात सगळे धारोष्ण दूध पिवनच वाडले.”

हे आपलं चुकीचं ठरू दे, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. आयुष्यात इतक्या मनापासून मी स्वतःला मूर्ख ठरवायला कधी बसले नव्हते.

साय हळूहळू वर आली. शेजारच्या गाईच्या नळीत वर पांढरी साय, खाली निळसर दूध. मोगरीच्या नळीत उलटं. खालचं दूध पुन्हा पांढरं होत गेलं, आणि सगळा निळा रंग वर चढून सायीत गोळा झाला. काचेला धरून एक गर्द निळं कडं. दिसायला इतकं सुंदर, की एखाद्या लहान मुलाने हात पुढे केला असता.

मी सांगितलं. रोग गाईत आहे, दुधात आहे, आणि पुष्पाच्या पाठीत तोच असणार. ती सोंग करत नाहीये. ती सुकतेय म्हणून तुम्ही जास्त दूध देत होतात, आणि जास्त दिलं म्हणून ती जास्त सुकत होती.

काका खाली बसले. मावशी मात्र उठल्या. त्या नळीजवळ आल्या, डोळे बारीक करून त्यांनी ते कडं पाहिलं. मग जनेलावरचा कोप उचलला आणि मला काही कळायच्या आत तोंडाला लावला. शेवटच्या थेंबापर्यंत. मी किंचाळले. धावत जाऊन कोप हिसकावला, तो हातातून सुटून पडवीच्या पायरीवर फुटला. “वेड लागलंय का तुम्हाला? माझ्यावर विश्वास नाही तर नाही, पण हे काय?” असलं काहीबाही मी बोलले. मावशींनी पदराने ओठांवरचा फेस पुसला आणि काचा वेचायला वाकल्या. मी धुमसत राहिले. मला वाटलं, हट्टी बाई, मला खोटं पाडायला प्यायली.

पुढचं भराभर झालं. म्हापशाच्या डॉक्टरांना मी जाऊन भेटले. “तुम्ही गुरांच्या डॉक्टर ना?” ते चकित होऊन म्हणाले. पण माणूस दिलदार. त्यांनी पुष्पाचं रक्त तपासायला पाठवलं, आणि निकाल आला तेव्हा स्वतः मला बोलावून सांगितला. तोच रोग. प्लास्टर नको, क्षयाचं नाव नको. आठवडेच्या आठवडे गोळ्या आणि इंजेक्शनं, आणि खळ पडता कामा नये. पुष्पाला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली. “म्हणजे माझां खरां होतां,” एवढंच म्हणाली. बरं व्हायच्या आनंदापेक्षा खरं ठरल्याचा आनंद मोठा होता. ते बघून माझ्याही डोळ्यांना पाणी आलं.

मोगरीचं काय करायचं, यावर घरात एकदाच बोलणं झालं. काका म्हणाले, “शुक्रवारी म्हापशाक दलाल गावतलो. गावात बोभाटो जावच्या आदी इकून टाकया.” ज्याच्या दारात ही गाय जाईल तिथेही एखादी पुष्पा असेल, कोप असेल, आई असेल. मी तोंड उघडणार, तोच मावशी म्हणाल्या, “आमचा दुखणा दुसऱ्याच्या दारात बांदूचा नाय.” मोगरी आटवली, आणि परड्याच्या टोकाला वेगळा मांडव घालून तिला मरेपर्यंत तिथेच पोसलं. तिच्या भांड्याला, वैरणीला, शेणाला कुणी हात लावायचा नाही, हा नियम मावशींनी माझ्यापेक्षा कडक पाळला.

त्याच वर्षी मे महिन्याच्या शेवटी गोवा राज्य झालं. रस्त्यावर फटाके वाजायला लागले तसे आम्ही सगळे फाटकाकडे धावलो, आणि वळून पाहते तर मागून पुष्पा चालत येत होती. भिंत न धरता, थोडी वाकडी, पण चालत. राज्याचं मला काय कळतंय, मी फाटकात उभी राहून तिच्याकडेच बघत बसले. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं, त्याच मुलाशी.

पण त्याआधी, काजूच्या भट्ट्या विझल्यावर, मावशींना ताप आला. दुपारी चढणारा, पहाटे घाम फोडणारा. मी चिडून बोलले, धाक घातला, रक्त तपासायला नेलं. निळ्या कड्याने त्यांनाही गाठलंच होतं. औषध द्यायला गेलं तर ही बाई रोज आज नको, उद्या म्हणायची. कंबर धरून त्या पडवीत बसायच्या, आणि चेहऱ्यावर काय असायचं सांगू? समाधान. मला ते बघवायचं नाही. शेवटी पुष्पानेच गोळ्या त्यांच्या तोंडात घातल्या. उशीर झाला होता. ताप गेला, पाठ मात्र वाकली ती वाकलीच.

परवा बोंडांचा वास आला आणि मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी आंबोलीचा घाट उतरून पेडण्याला गेले. काका आता नाहीत. मावशी आहेत, पार कमरेत दुमडलेल्या. माहेरपणाला आलेली पुष्पा चुलीपाशी दुधावर नजर ठेवून उभी होती. या घरात दूध आता तीनदा उकळतं. मावशींनी मला ओळखलं, हात धरून जवळ बसवलं. आणि इतक्या वर्षांचा राग मी शेवटी बाहेर काढला. म्हटलं, “मावशी, माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून प्यायलात ना तो कोप?”

त्यांनी धरलेला माझा हात हलवला.

“विश्वास नाय कसो? तू सांगलंय तेव्हाच माका पटलां,” त्या म्हणाल्या. मग चुलीकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला. “मी तिका सोंगाडी म्हटलेलां गो. तिका खंय नि कसां दुखता, तां माका कळूक व्हया होतां.”

चुलीवर दूध वर आलं. पुष्पाने फुंकर मारून ते खाली बसवलं आणि पुन्हा उकळत ठेवलं.